आधी प्रोग्राम बदल, लिनक्सचं नंतर बघू

पत्र असं आलंय: "ताई, मी घरून चित्रं काढते, मुलांच्या पुस्तकातली, मुखपृष्ठं, अधूनमधून पोस्टर, आणि हल्ली लोकांना रील पण हवी असते म्हणून थोडं व्हिडिओ एडिटिंग. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, जुना, विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि विंडोज १० चे अपडेट बंद झालेत. सबस्क्रिप्शन भरताना दर वेळी जीवावर येतं. चुलतभाऊ दोन वर्षं मागे लागलाय की सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स टाक, तो स्वतः आर्च नावाचं लिनक्स वापरतो आणि म्हणतो तू करतेस ती गुलामी आहे. मागच्या महिन्यात त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून दिलं, मी गिम्प उघडलं, अर्ध्या तासात रडकुंडीला आले आणि गपचूप परत विंडोजवर. बाबाही हाच लॅपटॉप वापरतात, त्यांचे मराठी लेख कुठल्यातरी जुन्या फॉन्टमधे आहेत. मी जाऊ का लिनक्सवर, की माझ्यासारखीने या भानगडीत पडूच नये? — ना इकडची ना तिकडची"

अगं, पत्रावरून तू माझ्यापेक्षा बरीच लहान वाटतेस म्हणून सरळ अगंतुगंच करते, चालवून घे.

पहिलं म्हणजे त्या अर्ध्या तासाचं मनाला लावून घेऊ नकोस. भावाने तुला एकाच दिवशी नवं घर, नवा स्वयंपाकघराचा ओटा आणि नवी सुरी असं सगळं एकदम हातात दिलं आणि वर म्हणाला चल आता पटकन जेवण कर. कोणीही रडेल. मी पण रडले होते, फक्त तेव्हा पत्र लिहायला कुणी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की लिनक्स सगळ्यात शेवटी. तुला जे प्रोग्राम वापरायला लागणार आहेत, चित्रांसाठी क्रिटा, लोगोसाठी इंकस्केप, मुखपृष्ठाच्या जुळणीसाठी स्क्रायबस, व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, हे सगळेच्या सगळे विंडोजवरही चालतात. आज, आत्ता, आहे त्याच लॅपटॉपवर टाक, तुझं जुनं सॉफ्टवेअर शेजारी तसंच राहू दे. हात जमला नाही तर तासाभरात जुन्यावर जाऊन काम पूर्ण करता येतं, क्लायंटला पत्ता पण लागत नाही. आणि सगळं काम नव्या प्रोग्रामवर व्हायला लागलं की मग खालची सिस्टीम बदलणं म्हणजे फक्त एका शनिवार-रविवारचं काम उरतं. लोक बरोबर उलटं करतात, आधी विंडोज पुसतात आणि मग सोमवारी डेडलाइन आली की शोधत बसतात की आता यात मुखपृष्ठ कसं करायचं.

आता गिम्पबद्दल. तू गिम्प उघडलंस कारण सगळीकडे "फोटोशॉपला पर्याय" असं शोधलं की पहिलं तेच नाव येतं. पण तू फोटोशॉपमधे करतेस काय? चित्र काढतेस! गिम्प मुळात फोटोवर काम करायचा प्रोग्राम आहे, १९९६ साली बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी तो पहिल्यांदा लोकांना दिला, आणि नावातच इमेज मॅनिप्युलेशन आहे. त्यात वर्षानुवर्षं साधं वर्तुळ काढायचं तर आधी गोल सिलेक्शन करायचं आणि मग त्यात रंग ओतायचा अशी तऱ्हा होती, त्यामुळे चित्रकार तिथे वैतागणारच. (एक गंमत सांगते, गिम्पची बटणं-मेन्यू बनवायला म्हणून जे जीटीके नावाचं सामान त्यांनी तयार केलं, त्यावरच पुढे नोम आणि सिनॅमनसारखे लिनक्सचे डेस्कटॉप उभे राहिले. म्हणजे ज्याच्यावर तू रडलीस त्याच्याच पोराबाळांवर तुला पुढे राहायचंय.) गिम्प टाकाऊ आहे असं अजिबात नाही, मार्च २०२५ मधे आलेल्या ३.० पासून त्यात फिल्टर लावून नंतर बदलता येतात, आधी ते थेट पिक्सेलवर कोरले जायचे आणि ती खरी मोठी अडचण होती. फोटो साफ करायला, कापायला ठेव ते. चित्र तिथे काढू नकोस.

चित्रासाठी क्रिटा. हे चित्रकारांसाठीच आहे आणि उघडल्यावर पाच मिनिटांत कळतं, उजवं क्लिक केलं की पेनच्या टोकापाशीच ब्रश आणि रंगांचं चक्र उघडतं, रेषा थरथरू नये म्हणून स्टॅबिलायझर आहे, ब्रश इतके आहेत की पहिला आठवडा त्यातच जातो (जाऊ दे). डेव्हिड रेव्हॉय नावाचा फ्रेंच चित्रकार गेली कित्येक वर्षं लिनक्स आणि क्रिटावर व्यावसायिक काम करतो आणि आपले ब्रश सगळ्यांना फुकट देतो, त्याचं काम शोधून बघ, मग "यावर खरं काम होतं का" हा प्रश्न पडणार नाही. तुझ्या हाताला फोटोशॉपचे शॉर्टकट बसलेत ना, तर सेटिंगमधे कीबोर्ड शॉर्टकटच्या पानावर फोटोशॉपसारखी मांडणी निवडता येते, ती पहिल्याच दिवशी लाव. मी ती सहा महिने लावली नव्हती, कारण मला माहितच नव्हती, आणि सहा महिने मी क्रिटाला शिव्या देत होते.

फोटोशॉपची पीएसडी फाइल क्रिटात उघडते, पण भरवसा ठेवू नकोस. लेयर येतात, साधे ब्लेंड मोड येतात, पण टेक्स्ट आणि स्मार्ट ऑब्जेक्ट वगैरे जसंच्या तसं येईलच असं नाही. म्हणून सबस्क्रिप्शन बंद करण्याआधी, हे फार महत्त्वाचं आहे, तुझ्या सगळ्या जुन्या कामाच्या दोन-दोन प्रती काढून ठेव, एक चपट्या टिफमधे किंवा पीएनजीमधे आणि एक लेयरवाल्या पीएसडीमधे. इलस्ट्रेटरच्या एआय फाइल सेव्ह करताना "पीडीएफ कंपॅटिबल" ची खूण चालू आहे ना ते बघ, ती असेल तर इंकस्केप ती फाइल पीडीएफ समजून उघडतं, नसेल तर हातात काहीच येत नाही. शिवाय एसव्हीजी (रेषांच्या चित्रांचा खुला फाइल प्रकार) पण काढून ठेव. हे कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन संध्याकाळी जातील, पण एकदा सबस्क्रिप्शन संपलं की स्वतःचीच फाइल उघडायला परत पैसे भरावे लागतात आणि तेव्हा जो संताप येतो तो मला माहितीये.

आणि इथेच मला तुझ्या भावाचं थोडं पटतं बरं का. गुलामी वगैरे शब्द मी वापरणार नाही, तू पैसे मोजून चांगलं हत्यार वापरलंस, त्यात लाज कसली. पण फाइल कुणाची हा प्रश्न खराय. क्रिटाची एखादी फाइल घे, कॉपी कर, नावातलं शेवटचं केआरए काढून झिप लिही आणि उघड. आत तुझं अख्खं चित्र एका साध्या पीएनजीमधे ठेवलेलं दिसेल. म्हणजे उद्या क्रिटा बंद पडलं तरी निदान पूर्ण चित्र तरी तुझ्या हातात आहे. एसव्हीजी तर नोटपॅडमधे उघडून वाचता येते. आणि प्रोग्रामचंही तसंच. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर २००२ मधे बुडायच्या बेतात होतं, ते बनवणारी कंपनीच बंद पडली होती, तर ते मुळात बनवणाऱ्या टॉन रूसेंडालने लोकांकडून वर्गणी मागितली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, आणि त्या पैशात कोड सोडवून घेऊन सगळ्यांसाठी मोकळा केला. २०२५ मधे ज्या अॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमधेच केलेला होता. कंपनी गेली, हत्यार राहिलं. असो, भाषण पुरे.

छपाईकडे येऊ, कारण तुझं खरं दुखणं तिथे होणार आहे आणि भावाला यातलं काही माहीत नसणार. प्रेसवाले सीएमवायकेमधे, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, पीडीएफ मागतात. क्रिटात सीएमवायकेमधे काम करता येतं, पण मी म्हणेन आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच, रंगव आणि सॉफ्ट प्रूफिंग चालू करून मधून मधून बघत जा की छापल्यावर रंग कसे बसतील, प्रेसकडून त्यांची कलर प्रोफाइल मागून घे आणि तीच लाव. माझ्या पहिल्या मुखपृष्ठात मी हे केलं नव्हतं. स्क्रीनवर असा झगझगीत निळा होता की बस, छापून आला तो मळकट जांभळा, प्रेसवाला म्हणाला फाइल तुमची, आणि त्याचं बरोबर होतं, स्क्रीनवरचे काही निळे शाईत येतच नाहीत.

मग मुखपृष्ठाची जुळणी, म्हणजे चित्र, शीर्षक, कणा, मलपृष्ठ, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), हे सगळं स्क्रायबसमधे. ते दिसायला जुनाट आहे, मजकूर टाकायला फ्रेम काढा मग आत लिहा असा कारभार आहे, पहिल्या दिवशी डोकं फिरतं, हे मी आधीच सांगून ठेवते. पण प्रेसला हवी तशी पीडीएफ-एक्स ते नीट देतं, आणि मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवता येतो. हे का सांगतेय, तर आरजीबीतला काळा आपोआप बदलला गेला की तो चारही शाया मिळून बनतो, आणि बारीक अक्षरं असली आणि छापताना जरा जरी कागद हलला की अक्षराला रंगीत सावली येते. इंकस्केपमधे लोगो, सजावट, वळणदार अक्षरं सगळं छान होतं पण त्याची पीडीएफ आरजीबी असते, ती थेट प्रेसला धाडू नकोस, एसव्हीजी स्क्रायबसमधे आण आणि तिथून काढ.

मराठी शीर्षकाची एक खुबी आहे. स्क्रायबसची जुनी १.४ कुणी दिली तर घेऊ नकोस, त्यात जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. १.६ घे, त्यात देवनागरी नीट जुळते. आणि ल, श हिंदी वळणाचे दिसायला लागले तर घाबरू नकोस, फॉन्टमधे सोय असेल तर मजकुराची भाषा मराठी निवडली की आपले ल आणि श येतात. लिब्रेऑफिसमधेही तसंच. सबस्क्रिप्शनबरोबर आलेले फॉन्ट मात्र सबस्क्रिप्शनबरोबरच जातात, तेव्हा मुक्त परवान्याचे घे, मुक्ता आहे, बलू आहे, नोटो देवनागरी आहे, छापायच्या, विकायच्या कामात कुठेही वापर.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. रीलसाठी केडेनलाइव्ह पुरेसं आहे, आठ जीबी रॅमवर प्रॉक्सी चालू ठेव म्हणजे ते हलक्या प्रतीवर एडिट करतं आणि शेवटी मूळ फाइलवरून काढतं. मधून मधून सेव्ह करत जा, मी जास्त बोलत नाही. कोणी सांगेल दाविंची रिझॉल्व घे, तेही लिनक्सवर चालतं, उत्तम आहे, पण ते ओपन सोर्स नाही आणि लिनक्सवरची त्याची फुकट आवृत्ती फोनचे एच.२६४ व्हिडिओ सरळ घेत नाही, आधी बदलून घ्यावे लागतात, आणि ग्राफिक कार्ड दणकट लागतं. तुझ्या लॅपटॉपला नको.

ऑफिसच्या फाइलींचं, म्हणजे हिशोब, बिलं, कोटेशन, याचं एवढं घाबरायचं कारण नाही, लिब्रेऑफिसमधे होतं सगळं. वर्डच्या फाइलीत ओळी सरकतात याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतो, तुझ्याकडे कॅलिब्री नसतो, म्हणून कार्लिटो नावाचा फॉन्ट टाक, त्याच्या अक्षरांची रुंदी अगदी कॅलिब्रीइतकीच ठेवलीये, कॅम्ब्रियासाठी तसाच कॅलाडिया आहे. क्लायंटला पाठवताना पीडीएफ पाठव. कुणी मॅक्रोवाली मोठी एक्सेल शीट दिली तर मात्र ती चालेलच असं नाही.

आता समज दोन-तीन महिने गेले, एक खरं काम, नवं मुखपृष्ठ म्हण, सुरुवातीपासून प्रेसपर्यंत नव्या प्रोग्रामवर झालं आणि तू जिवंत आहेस. मग लिनक्स. फार लांबवू मात्र नकोस, विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, ज्यांनी जादाच्या सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं त्यांनाही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुदत आहे, त्या मशीनवर बँकेचं काम करत राहणं बरं नाही.

लिनक्स मिंट टाक, सिनॅमनवालं. उबंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर ते बसवलेलं असतं, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मेन्यू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे, बाबांनाही वेगळं वाटणार नाही. आर्च वाईट नाही गं, पण त्यात सिस्टीम सांभाळणं हाच एक छंद होऊन बसतो आणि तुझा छंद आधीच ठरलेला आहे. पेन ड्राइव्हवरून चालव, आणि या वेळी गिम्प उघडू नकोस, या गोष्टी बघ: वायफाय लागतं का, आवाज येतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, प्रिंटर दिसतो का, आणि तुझा पेन टॅबलेट जोडला की दाब कळतो का. वॅकॉम कंपनीच्या टॅबलेटचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमधेच, म्हणजे गाभ्यातच असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही, बाकी कंपन्यांचं जोडूनच बघायला हवं. यातलं काही चाललं नाही तर थांब, इन्स्टॉल करू नकोस, आधी त्याचा उपाय शोध.

इन्स्टॉल करताना एका पानावर "इरेज डिस्क" असतं. ते काय म्हणतंय ते तीनदा वाच. मी एकदाच वाचलं होतं. चार वर्षांचे फोटो होते. त्यामुळे आधी सगळ्या कामाची बाहेरच्या डिस्कवर एक प्रत, आणि आणखी एक दुसरीकडे कुठेतरी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेव, नाहीतर बूटची सेटिंग हलली की विंडोज तुलाच ओळख विचारत बसेल. विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर शेजारी ठेवता येतात, पण विंडोजचं मोठं अपडेट कधीकधी बूटची व्यवस्था विस्कटतं, म्हणून जमलं तर दुसरी एसएसडी घाल आणि लिनक्स तिच्यावर टाक, जुनी आहे तशी राहू दे. तुझ्या लॅपटॉपात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडीने जो फरक पडेल तो कुठलीही सिस्टीम बदलून पडणार नाही, हेही सांगते.

टाकून झाल्यावर मिंटमधला टाइमशिफ्ट प्रोग्राम चालू कर, काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या स्थितीला नेता येते. पण ते सिस्टीमचंच फोटो काढतं, तुझ्या चित्रांचा बॅकअप घेत नाही, लोक इथे फसतात. क्रिटा वगैरे सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेताना फ्लॅटपॅकवालं (प्रोग्राम स्वतंत्र पुडक्यात देण्याची पद्धत) निवड, ते नवं असतं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीची, भीती सोड, रोजच्या कामात लागत नाही, पण नेटवर कुणी दिलेली सुडो ने सुरू होणारी (म्हणजे सिस्टीमच्या पूर्ण अधिकाराने चालणारी) ओळ समजल्याशिवाय चिकटवू नकोस. भावाने दिलेली असली तरी.

राहिले बाबा, आणि खरं सांगू, तुझ्या पत्रात मला सगळ्यात अवघड तेच वाटलं. त्यांचे लेख जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेला कोड) नसलेल्या फॉन्टमधे आहेत म्हणजे फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत, तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की नुसता कचरा. तो फॉन्ट लिनक्सवर टाकला तर लेख वाचता येतील, पण त्या फॉन्टमधे टाइप करायचं त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असणार. म्हणून त्यांच्यासाठी ती जुनी डिस्क विंडोजसकट ठेवावी लागेल निदान वर्षभर, नेट न जोडता, नुसते लेख उघडायला. त्या वेळात एकेक लेख युनिकोडमधे बदलून घे, कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर वाचून बघावंच लागतं, रफार आणि जोडाक्षरं तपास. हे बाबांबरोबर बसून कर, त्यांना स्वतःचे जुने लेख परत वाचायला आवडेल. नवीन लिहायला मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमधे मराठी इन्स्क्रिप्टही आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची मांडणीही आहे. ते मूळचे टाइपरायटरवाले असतील तर आयबस नावाच्या टायपिंगच्या प्रोग्राममधे ती मांडणीही मिळते, त्यांना विचार बोटं कशाला सरावलीत, आणि तेच लावून दे. नवीन शिका म्हणू नकोस.

सुरुवात कुठून म्हणशील तर आज क्रिटा डाउनलोड कर, शॉर्टकटची मांडणी बदल, आणि एखादं असं चित्र काढ जे कुणालाच द्यायचं नाहीये. मुखपृष्ठ छापून आलं की निळा कसा आला ते कळव.